दहा बेचाळीसची नोंद

रामवाडी, पेण
९ जून २०२४

हर्षद भावोजी,

पत्र बघून हसाल. पण तुम्ही फोन उचलत नाही, आणि आमच्या घरात फोन एकच, तो कायम भूमिकाच्या हातात. तिच्यापासून त्यातलं काही लपत नाही. म्हणून हा कागद. आमच्या शेजारचे सुभाषभाऊ तुमच्याच कंपनीच्या बसने धाटावला येतात, त्यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवते आहे. उत्तर त्यांच्याकडेच द्या, ते मला अंगणवाडीत आणून देतील.

काम अमोलच्या कॉम्प्युटरचं आहे. अमोल गेल्यापासून तो चालू केलेला नाही. गाव सोडून इथे रामवाडीला राहायला आलो तेव्हा चादरीत गुंडाळून आणला आणि कोपऱ्यात मांडला, एवढंच. आता भूमिका आठवीत गेली, शाळेची कामं त्यावर करायची म्हणते. पेठेतल्या दुकानात हितेशला विचारलं तर म्हणाला, "जुनी सिस्टीम आहे वहिनी, काही उघडणार नाही. सगळं पुसून नवीन टाकतो, तासाभराचं काम." मी तशीच घरी आले.

पुसायचं नाही, भावोजी. त्यात अमोलने खाडीचं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या गावच्या बांधाची वही ठेवली आहे, गावातल्या लोकांना लिहून दिलेले अर्ज आहेत, पडद्यावर त्याने लावलेला भूमिकाचा फोटो आहे. आई तर रोज सकाळी त्या बंद कॉम्प्युटरपुढे कपभर चहा ठेवतात. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तो थंयच बसायचा ना गो."

तुम्ही कंपनीत यंत्रांची कामं करता, तुम्हाला माहीत असेल. एकाच मशीनमध्ये त्याचं आहे तसं ठेवून भूमिकासाठी वेगळं काही बसवता येतं का? आणि जमलं तर एकदा येऊन जा. बाराव्यानंतर तुम्ही आमचा उंबरठा चढलेला नाही. मावशीची आठवण येत नाही का तुम्हाला?

मृणाली


रोहा
१५ जून २०२४

मृणाली वहिनी,

सुभाषभाऊंनी डब्यातून पत्र काढलं तेव्हा सगळ्या कँटीनला वाटलं माझं लग्न ठरलं. पत्राला जवळ्याच्या चटणीचा वास येतोय, तेव्हा मावशीचा हात अजून पहिल्यासारखाच आहे हे कळलं.

तुम्ही म्हणता तसं अगदी येतं. त्याला ड्युअल बूट म्हणतात. एका खोलीत मध्ये भिंत घालून दोन बिऱ्हाडं करतात तसं समजा. डिस्कचा थोडा भाग मोकळा करायचा आणि तिथे लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम बसवायची. फुकट असते, आणि जुन्या मशीनवर बरी पळते. मशीन चालू केलं की विचारतं, कुठे जायचं? दादाच्या बाजूला की भूमिकाच्या. एकाचं दुसऱ्याला काही होत नाही. दादालाही मी त्या जुलैत, तो जायच्या आठेक दिवस आधी, हेच पेनड्राइव्हवरून चालवून दाखवलं होतं. फार आवडलं होतं त्याला. म्हणाला, पावसाळा संपला की कायमचं बसवू.

पेनड्राइव्ह सोबत देतोय. आधी हितेशकडून आतला गोल सेल बदलून घ्या, दोन वर्षांत तो मेला असेल. मग दादाच्या सगळ्या फोल्डरांची एक कॉपी काढून बाजूला ठेवा. हे सोडू नका. मग पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करा आणि एफ बारा ही कळ दाबत राहा. पुढची प्रत्येक पायरी मागच्या कागदावर चित्र काढून दिली आहे. एका ठिकाणी ते विचारेल, "शेजारी बसवू की सगळं पुसून बसवू?" तिथे घाई नको. "शेजारी" निवडा, दोनदा वाचा, भूमिकाला एकदा वाचायला लावा आणि मगच पुढे जा. वीज जाणार नाही असा वेळ बघा. पेणमध्ये तसा वेळ सापडला तर मलाही कळवा.

यायचं म्हणाल तर शिफ्टचं काही खरं नाही सध्या. मावशीला नमस्कार सांगा.

हर्षद


रामवाडी, पेण
२४ जून २०२४

हर्षद भावोजी,

झालं एकदाचं. हितेशने सेल बदलला, घड्याळ बरोबर लावून दिलं. रविवारी सकाळी मी, भूमिका आणि आई अशा तिघी त्या पडद्यापुढे बसलो. "शेजारी" आणि "पुसून" हे दोन पर्याय आले तेव्हा माऊस भूमिकाने माझ्या हातातून काढून घेतला. तिने मोठ्याने वाचलं, आईंनी "बघ गो नीट" म्हणून तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दाबलं. पाऊण तास लागला. आई पूर्ण वेळ जागच्या हलल्या नाहीत. भूमिकाची बाजू झकास चालते. पोर खूश आहे.

मग दुपारी, दोघी बाहेर गेल्यावर, मी अमोलच्या बाजूला गेले. दोन वर्षांनी तो सुरू होतानाचा सूर ऐकला. सगळं तसंच आहे. त्याने अर्धवट सोडलेला पत्त्यांचा डाव तसाच आहे. पण एक विचित्र झालं. माझ्या मनगटावर साडेचार वाजले होते, आणि त्या पडद्यावर अकरा. सकाळचे. वाटलं हितेशने चुकवलं असेल. पण भूमिकाच्या बाजूला गेले तर तिथे बरोबर साडेचार. परत इकडे आले, परत सकाळ. भूमिका परत आल्यावर तिला दाखवलं तर ती हळूच म्हणाली, "बाबांच्या घरी अजून दुपार झालेली नाय." तिने ते सहज म्हटलं असेल. मला त्या खोलीत बसवेना.

आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या शीतलताईलाही नाही.

त्याची शेवटची फाइल मी बघितली, बांधाची वही. शेवटची साठवल्याची वेळ २७ जुलै, सकाळी दहा बेचाळीस. म्हणजे त्या दिवशी मी अंगणवाडीत असताना त्याने ती लिहिली. मी बारा वाजता घरी आले आणि आमचं भांडण झालं. बांधावरूनच. दिवसरात्र गावाचा बांध, त्या बांधाला भगदाड पडून झालेली खांड, घरात लक्ष नाही. मी म्हटलं, "तू घरात असलास काय आणि नसलास काय, मला सारखंच." असं म्हटलं, भावोजी, भूमिकासमोर. तो चप्पल घालून गेला. मी पोरीला घेतलं आणि तणतणत जिते गावी ताईकडे गेले. आई लग्नाला वाशीला होत्या. साडेबाराला गावातल्या काळूने त्याला बांधाकडे जाताना बघितलं, आणि तेव्हा खाडीचं पाणी अजून भरलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खाडीत सापडला.

भरलेल्या पाण्यात बांधावर कामाला कोणी जात नाही. हे गावात सगळे कुजबुजले, माझ्या कानावर यायचं राहिलं नाही. आई कधी एक शब्द बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून माझ्या डोळ्यांत बघून बोलत नाहीत. मी म्हटलं आणि तो गेला. दोन वर्षं मी याच्यासोबत उठते, याच्यासोबत झोपते. आणि आता ते घड्याळ मला रोज त्या सकाळीच नेऊन बसवतं, भांडणाच्या आधीच्या. तिथून पुढे काही जात नाही.

मृणाली


रोहा
२९ जून २०२४

मृणाली वहिनी,

पत्र मिळालं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. नवरा-बायकोत असं बोलणं होतंच.

घड्याळाचं घाबरण्यासारखं काही नाही. मशीनच्या आत सेलवर चालणारं एक घड्याळ असतं. नवीन सिस्टीम त्यात ग्रीनिचची जागतिक वेळ लिहून ठेवते आणि दाखवताना आपले साडेपाच तास मिळवून दाखवते. जुन्या सिस्टीमला हे माहीत नसतं. ती आतली वेळ आहे तशी दाखवते, म्हणून साडेपाच तास मागे. दोन सिस्टीम शेजारी ठेवल्या की सगळीकडे हे होतं. सोबतच्या कागदावर एक ओळ लिहून दिली आहे, ती भूमिकाच्या बाजूला टाईप करा, म्हणजे दोन्हीकडे एकच वेळ दिसेल.

दादाच्या बाजूला सारखं जाऊ नका. फाइली, त्यांच्या वेळा, हे बघत बसू नका. जे झालं ते झालं. भूमिकाकडे बघा.

घाईत आहे.

हर्षद


रामवाडी, पेण
१४ जुलै २०२४

हर्षद भावोजी,

तुमच्या पत्रात या वेळी एकही विनोद नव्हता. मी ते तीनदा वाचलं.

तुमची ती ओळ अजून टाईप केलेली नाही. का ते सांगते.

परवा दुपारी आई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी अमोलची बाजू चालू केली होती. अचानक म्हणाल्या, "काय लिवलाय त्यानी? मला वाचून दाव." दोन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटायचं, त्यांना ऐकवलं तर त्रास होईल. त्यांना वाचता येत नाही हे मी सोयीने विसरले होते. मी वाचलं. एवढंच आहे ते:

"२७ जुलै, चतुर्दशी. बांधातल्या उघाडीच्या दारावर दुसऱ्या दगडाखाली पाणी उतरलं. खांडीचं तोंड उघडं पडलंय, कमरेएवढं. पोती एकोणतीस. दोन फावडी, दोन घमेली काढून ठेवली. आज तोंड बुजवलंच पाहिजे, नाहीतर अवसेच्या उधाणाला अख्खी शेतं जातील."

आईंनी सूप खाली ठेवलं. विचारलं, "कवा लिवलाय?" मी सांगितलं, सकाळी पावणेअकराच्या सुमाराला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खोटा हाय ता."

मी म्हटलं, मशीन खोटं कशाला बोलेल?

"चवदसला तिथीची पाऊण कर गो, ती भरतीची येळ. चौदाची पाऊण किती?"

साडेदहा.

"साडेदहाला पानी भरलेला. उघाडीचा पयला दगड पन दिसत नाय, दुसरा कुठून दिसल? ता पानी उतरल्यावर लिवलाय. दिस कलल्यावर. चारच्या पुढं."

भावोजी, मी डोंगराकडची. बारा-तेरा वर्षं खाडीकाठी काढली तरी मला पाणी आलं की आलं, गेलं की गेलं, एवढंच कळायचं. ती नोंद मी वीस वेळा वाचली असेल, आणि "पाणी उतरलं" हे तिथे लिहिलेलं असून मला दिसलं नाही. आई निरक्षर, त्यांनी एका ऐकण्यात ओळखलं.

मग मी तुमची दोन्ही पत्रं समोर ठेवली. दहा बेचाळीसमध्ये साडेपाच तास मिळवले. चार वाजून बारा मिनिटं होतात. हितेशने लावलेलं घड्याळ नवीन सिस्टीम येईपर्यंत बरोबर होतं, ती आल्यावर मागे गेलं. आणि तुम्हीच लिहिलंय, त्या जुलैत आठ दिवस आधी तुम्ही अमोलला तीच सिस्टीम पेनड्राइव्हवरून दाखवली होती.

म्हणजे तेव्हाही घड्याळ मागे गेलं होतं का? तो चारला घरी आला होता का? भांडणानंतर? तिथे बसून त्याने पोती मोजून लिहिली का?

आईंनी आणखी एक विचारलं, ते मला सुचलं नव्हतं. "एकट्याला दोन फावडी कशाला? खांडीवर एकटा मानूस जात नाय. त्याचा बापुस कवा गेला नाय, तो कवा गेला नाय. दुसरा कोन येनार व्हता?"

मला खरं काय ते सांगा. मला समजावू नका.

मृणाली


रोहा
२८ जुलै २०२४

मृणाली वहिनी,

दोन आठवडे झाले. सुभाषभाऊ रोज विचारतात, "चिठ्ठी हाय का?" मी नाय म्हणतो. काल दादाची तारीख गेली. आज लिहितो.

घड्याळ मागे होतं. मीच करून ठेवलं होतं. पेनड्राइव्ह काढल्यावर दादाच्या लक्षात आलं, त्याने मला दाखवलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी आलो की नीट करतो. पुढची वेळ आली नाही. म्हणजे तुमची आकडेमोड बरोबर आहे. तो चार वाजून बारा मिनिटांनी घरी होता.

दुसरं फावडं माझं होतं.

आदल्या दिवशी आमचं ठरलं होतं. माझी पहिली शिफ्ट तीनला सुटते, मोटारसायकलवर पाचपर्यंत पोचायचं, ओहोटीत दोघांनी मिळून पोती रचायची. बाकी गाव म्हणत होतं अवस झाल्यावर बघू. दादा म्हणाला, अवस झाल्यावर बघायला शेत राहणार नाही. मी हो म्हटलं.

बाराव्याला मी सगळ्यांना सांगितलं की मला डबल शिफ्ट लागली होती. नव्हती लागली. मी तीनला सुटलो, खोलीवर आलो, बाहेर पाऊस कोसळत होता. म्हटलं, जरा पाठ टेकतो. पाच वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. मी बघितला. वाटलं, आता निघालो तरी पोचेपर्यंत सहा वाजतील, उगाच बोलणी खायची. मी फोन पालथा ठेवला. पंचवीस मिनिटांनी पुन्हा वाजला. पूर्ण वाजू दिला. मग वाजला नाही.

मी झोपलो होतो असं स्वतःला सांगून बघितलं आहे. मी जागा होतो.

दुसऱ्या दिवशी गावात आलो तर सगळे म्हणत होते, साडेबाराला गेला, भरलेल्या पाण्यात. मी तिथे एका शब्दाने सांगू शकलो असतो की तो साडेपाचला जिवंत होता, कामावर होता, माझी वाट बघत होता. नाही सांगितलं. मला वाटलं, दुपारीच गेला म्हटल्यावर माझ्या न जाण्याने काय बिघडलं? कोणी विचारलं नाही, त्याचा फोन पाण्यात गेला, माझ्याही फोनमधून मी ते दोन कॉल पुसून टाकले. तेव्हापासून कोणाचाही फोन मला उचलवत नाही. रिंग बंद ठेवली तरी पाच वाजून दहा मिनिटांनी मला ऐकू येतो. कंपनीत, बसमध्ये, कुठेही.

तुमच्या भांडणाचं मला माहीत नव्हतं, हे खरं. पण २४ जूनचं तुमचं पत्र वाचल्यावर माहीत झालं. आणि तरीही मी तुम्हाला घड्याळ दुरुस्त करायची ओळ पाठवली, फाइली बघू नका म्हणून लिहिलं.

तो तुमच्या बोलण्याने गेला नाही, वहिनी. तो खांड बुजवायला गेला होता. एकटा गेला, कारण मी आलो नाही.

मावशीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

हर्षद


रामवाडी, पेण
१ ऑगस्ट २०२४

हर्षद,

पत्र आईंना वाचून दाखवलं, सगळं. मध्ये काही गाळलं नाही. भूमिकालाही बसवून घेतलं, कारण दोन वर्षांपूर्वी माझं ते वाक्य तिनेही ऐकलं होतं, आणि पोर कधी काही बोलली नाही म्हणून तिला काही वाटलं नसेल असं मी धरून चालले होते. "म्हणजे बाबा रागावून नाय गेले?" तिने एवढंच विचारलं. मी तिला जवळ घेतलं तेव्हा कळलं की ती रात्रंदिवस हेच धरून बसली होती.

मग आई रडल्या, आणि अशा रडल्या की शेजारणी धावत आल्या. त्यांना वाटत होतं, घरात काही होतं आणि आपण लग्नाला गेलो, पोराने आपल्याला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांत बघत नव्हत्या ते माझ्यावर रागावून नाही. मी त्यांना दोष देत असेन असं त्यांना वाटायचं. दोन वर्षं एका खोलीत आम्ही तिघी, आणि प्रत्येकीला वाटत होतं आपणच त्याला मारलं. "माजा पोर कामाला गेलता," असं त्या येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होत्या. "कामाला गेलता गो. जीव द्याला नाय."

तुम्ही हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला तेव्हा शिव्या दिल्या असत्या आणि आज कदाचित विसरले असते. आता नाही विसरणार. मला तुमचा भयंकर राग आलेला आहे, तो कागदावर मावत नाही. तुमच्याबद्दल वाईटही वाटतं, पण ते नंतर, राग जाऊन मग. आणि एक गोष्ट तुमच्या पत्रानेही सुटलेली नाही. चार वाजून बारा मिनिटांनी तो रिकाम्या घरात त्या खुर्चीवर बसला होता, आणि मी जित्याला ताईच्या पडवीत चहा पीत त्याच्या कागाळ्या सांगत होते. मी परत आले असते तर दुसरं फावडं मी उचललं असतं. हे कोणी सांगून माझ्या मनातून जाणार नाही, आणि तुम्ही तर सांगूच नका.

खांड अजून तशीच आहे. गावाने दोन वेळा माती टाकली, दोन्ही वेळा वाहून गेली. शनिवारी चौदस आहे, त्याची तिथी. आई म्हणतात, या वर्षी त्याच्या नावाचं जेवणाचं पान घरी ठेवायचं नाही, खांडीवर ठेवायचं, पाणी उतरल्यावर. मी विचारलं, हर्षदला बोलवायचं का? आईंनी कोपऱ्यातलं सूप ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "तो नाय आला तर दुसरा पान कोन ठेवील?"

मला वाटतं त्यांना दोन पानं ठेवायची आहेत, त्या दोन फावड्यांसारखी. दुसरं कोणासाठी, मी विचारलं नाही.

आम्ही तिघी पाच वाजेपर्यंत उघाडीजवळ थांबू. त्यानंतर पाणी चढायला लागतं, मग आम्ही कोणाची वाट बघणार नाही.

मृणाली